एकतीस तारखेचा शिक्का

बुधवार, २९ ऑक्टोबर. वायमार. सकाळी ७:१०

आज पाकीट टाकायचं. म्हणजे टाकायचंच.

अभिलेखागारातली कायमची जागा. अर्ज कागदावर, सही शाईची, पाकिटावर पोस्टाचा शिक्का ३१ ऑक्टोबरपर्यंतचा. आज २९. म्हणजे मी दोन दिवस पुढेच आहे. शेवटच्या दिवशी धावाधाव करणारी माणसं वेगळी. मी त्यातली नाही.

अर्ज तसा तीन आठवड्यांपूर्वीच तयार झाला. सहलीला बरोबर आणला, कारण लिहिलेलं थोडं मुरू द्यावं. हेनिंग म्हणाला, मुरायला तो काय बरणीतला कोबी आहे? हेनिंग माझा नवरा. हॉस्पिटलात नर्स आहे. माझ्याशी हल्ली ‘जरासंच टोचेल हं’ या आवाजात बोलतो.

सायं. ६:३०

यादीतली दोन घरं आणि एक बाग पाहून झाली. घरं कोणाची ते हेनिंगला माहीत.

पोस्टात गेले होते. रांगेत माझ्यापुढे तिघं. दोघं उरल्यावर आठवलं की जाहिरातीत ‘कागद टाचू नयेत’ असं आहे. मी टाचलेले नाहीत. पण क्लिप लावली आहे. क्लिप लावणं म्हणजे टाचणं का? रांग सोडली. बाहेर बाकावर बसून पाकीट उघडलं, क्लिप काढली. क्लिपची खूण राहिली. नखाने घासली. आता खूणही दिसते आणि घासलेलंही दिसतं.

हेनिंग म्हणाला, क्लिपच्या खुणेवरून नापास करणारे लोक असतील तर त्यांच्याकडे नोकरी करूच नकोस. त्याला बोलायला काय जातं. त्याच्या घरी आजोबांपासून सगळे शिकलेले. आमच्या घरी कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि घरातले झाडून सगळे फॉर्म मी बाराव्या वर्षापासून भरते आहे. एकदा ओमाच्या, म्हणजे आजीच्या, पेन्शनच्या फॉर्मवर भलत्याच चौकटीत फुली मारली. पेन्शन चार महिने अडकली. ओमाने चार महिने नुसतं बटाट्याचं सूप केलं.

संध्याकाळी पप्पांचा फोन. गेलं का पत्र? म्हटलं, जवळजवळ. पप्पा आयुष्यभर फरश्या बसवत आले. म्हणाले, पोरी, जवळजवळ बसलेली फरशी मी तरी अजून पाहिली नाही.

संकल्प: उद्या सकाळी नऊ वाजता पोस्ट. आधी पोस्ट, मग नाश्ता.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. एरफुर्ट. दुपारी २:००

आधी नाश्ता केला. उपाशीपोटी माणूस चुका करतो.

पोस्टात वेळेवर पोहोचले. काउंटरवरची बाई पाकीट घेणार, तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. दुमडलेला. पाठीवरच्या सॅकमध्ये हेनिंगच्या बुटांखाली होतं ते. (हेनिंग म्हणतो, बूट पाकिटाखाली होते. हा वाद चालू आहे.) अभिलेखागारात आयुष्यभर कागद जपायचे, आणि मी दुमडलेलं पाकीट पाठवायचं? नवीन पाकीट घेतलं, पुठ्ठ्याच्या पाठीचं. पत्ता लिहिला. पिनकोडातल्या सातला आडवी रेघ द्यायची राहिली. रेघ नसेल तर सात हा एक वाटतो. मागून रेघ दिली तर खाडाखोड वाटते. दुसरं पाकीट घेतलं. त्यात सातला रेघ दिली, पण एकलाही दिली. काउंटरवरची बाई म्हणाली, ताई, मी लिहून देऊ का? म्हटलं, नको, अक्षर माझंच हवं. तिसऱ्या पाकिटावर पत्ता निर्दोष आला. शाई ओली होती म्हणून वाळू दिली. वाळेपर्यंत हेनिंग तो वर घरं बांधलेला पूल बघायला निघून गेला होता. त्याला शोधायला जावं लागलं. तो फोन उचलत नव्हता.

सायं. ५:४५

शांतपणे विचार केला. खरं तर उद्याच टाकणं उत्तम. २९ चा शिक्का म्हणजे उतावळेपणा. ३१ चा शिक्का म्हणजे या बाईने मुदत पूर्ण वापरली, विचार केला. मी निवडसमितीत असते तर हेच पाहिलं असतं.

हेनिंगला हे समजावून सांगितलं. तो बराच वेळ सॉसेज चावत राहिला. मग म्हणाला, डिसेंबरअखेर ग्रंथालयातलं तुझं कंत्राट संपतंय. त्यालाही समजावून सांग, विचार कर म्हणावं.

उद्या शुक्रवार. आयझेनाखचं पोस्ट सकाळी साडेआठला उघडतं. वेळ मी स्वतः बघून ठेवली आहे. काही राहिलेलं नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. आयझेनाख. सकाळी ८:५०

छान गाव. रस्त्यावर गर्दी नाही, गोंधळ नाही. चर्चच्या घंटा वाजत आहेत. पोस्ट अजून उघडलं नाही. बहुधा निवांत सुरुवात करतात.

सकाळी ९:२०

अजून निवांतच.

सकाळी ९:४०

कुत्रा फिरवणाऱ्या एका आजीबाईंना विचारलं. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाल्या, बाई, आज धर्मसुधारणा दिन. सुट्टी. तुम्ही हेसेनच्या का? म्हटलं, हो. म्हणाल्या, वाटलंच. त्यांचा कुत्राही थोडा हसल्यासारखा वाटला.

आमच्या हेसेन राज्यात ही सुट्टी नाही. इथे थुरिंगियात आहे. हे मला माहीत होतं. फक्त आज माहीत नव्हतं.

पाचशे वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी ल्यूथरने चर्चच्या दारावर आपले मुद्दे ठोकले म्हणून ही सुट्टी. हेनिंग म्हणाला, त्या माणसाने पंच्याण्णव मुद्दे एका दिवसात लावले, तू चार कागद तीन आठवडे फिरवते आहेस. म्हटलं, त्याने समास तपासले नसणार. हेनिंग म्हणाला, म्हणून तर सुट्टी मिळाली.

सकाळी १०:१५

घाबरण्यासारखं काही नाही. हेसेनची हद्द इथून अर्ध्या तासावर. तिकडे आज साधा शुक्रवार. बेब्रा स्टेशनाजवळ एका पेपरवाल्याच्या दुकानात पोस्टाचा काउंटर आहे, सहापर्यंत उघडा. हेनिंग म्हणाला, पुढची ट्रेन अकराची, चल. पण बाराची किल्ल्याची तिकिटं काढलेली आहेत. काढलेली तिकिटं वाया घालवणं बरोबर नाही. आधी किल्ला, मग ट्रेन. वेळ भरपूर आहे. हेनिंग म्हणाला, किल्ला नऊशे वर्षं उभा आहे, उद्या सकाळपर्यंत पडणार नाही. पण मी ठाम राहिले. माझा ठामपणा त्याला हल्लीच दिसायला लागला आहे.

दुपारी २:१०

किल्ला पाहिला. भिंती होत्या.

दुपारी ४:२५. बेब्रा

पोहोचलो. काउंटर उघडा. दीड तास हातात. याला म्हणतात नियोजन. समोरच्या बेकरीत बसून शेवटची एक नजर टाकते आहे. शेवटची.

दुपारी ४:५०

बरं झालं नजर टाकली. पत्राच्या वर उजव्या कोपऱ्यात लिहिलं आहे: डार्मश्टाट, ८ ऑक्टोबर. शिक्का पडणार बेब्राचा, ३१ चा. म्हणजे मी त्या दिवशी तिथे होते असं कागद म्हणतो आणि पाकीट म्हणतं नव्हते. ही लबाडी आहे का? अभिलेखागारवाले असल्याच गोष्टी पकडतात, त्यांचं कामच ते. हेनिंग म्हणाला, पत्र लिहिलंस तेव्हा तू डार्मश्टाटला होतीस, हे खरं आहे. म्हटलं, पण पाठवते तेव्हा नाही. तो म्हणाला, स्वेन्या, यासाठी तुला तुरुंगात टाकलं तर मी दर रविवारी केक घेऊन भेटायला येईन.

सायं. ७:००. आयझेनाखला परतणारी ट्रेन

जे घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे नीट दिसेल.

५:३५ ला रांगेत उभी राहिले. मागे एक म्हातारे गृहस्थ तीन पार्सलं छातीशी धरून उभे होते. त्यांना पुढे जाऊ दिलं. कोणीही दिलं असतं. मग बाळ कडेवर घेतलेली एक बाई. तिलाही दिलं. मग एक धडधाकट मनुष्य नुसतं पोस्टाचं तिकीट घ्यायला आलेला. त्यालाही दिलं, त्याचं लगेच होणार होतं म्हणून. हेनिंग दारातून म्हणाला, आणखी कोणाला बाहेरून बोलावून आणू का?

५:५२ ला माझा नंबर. काउंटरवरच्या काकांनी पाकीट घेतलं, वजनकाट्यावर ठेवलं. शिक्का उचलला. मी म्हटलं, एक मिनिट. आणि पाकीट परत घेतलं. चार कागद आहेत ना, एवढंच बघायचं होतं. चार होते. परत मोजले, चार. तिसऱ्यांदा मोजताना काकांनी फार मायेने सांगितलं, सावकाश होऊ दे ताई, अजून सहा मिनिटं आहेत.

सहा मिनिटं आहेत म्हटल्यावर मी पहिला परिच्छेद वाचला.

हेनिंग म्हणाला, स्वेन्या, दे ते. दोनदा म्हणाला. मी दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर होते. मध्येच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

सहाला काकांनी शटर ओढलं. बरोबर सहाला. शिस्त असावी तर अशी. मला तक्रार नाही.

दोष कोणाचाच नाही. सुट्टी, बाळ, पार्सलं, सगळंच एकावर एक आलं. हेनिंग ट्रेनमध्ये समोर बसला आहे. एकही विनोद केलेला नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर. कोबुर्ग. सकाळी ११:००

नवा प्लॅन. एक दिवस उशीर म्हणजे उशीर नव्हे. सोबत एक छोटंसं निवेदन जोडायचं, सुट्टीमुळे विलंब झाला असं. निवेदन सकाळी सहापासून लिहिते आहे. पाच मसुदे. तिसरा बरा आहे. पोस्ट शनिवारी साडेबारापर्यंत उघडं असतं.

सकाळी ११:३०

बव्हेरियात आज सर्व संतांचा दिवस. सगळं बंद. पोस्ट, दुकानं, बेकरी, सगळं. लोक काळे कोट घालून फुलं घेऊन कबरस्तानात निघाले आहेत. आमच्याकडे हीही सुट्टी नसते. आणि उद्या रविवार.

हेनिंगने नकाशा उघडला. म्हणाला, वा, काल थुरिंगिया बंद, आज बव्हेरिया बंद, उद्या सगळा देश बंद. तुझ्यासारखी सहल कोणी आखूच शकत नाही. तो बोलला याचं बरं वाटलं.

दुपारचं जेवण: थुरिंगियाहून आणलेली मोहरीची चटणी आणि सुके टोस्ट. हेनिंग म्हणतो रेस्टॉरंट उघडी आहेत. मला बसवत नाही. खोलीत चकरा मारते आहे. खिडकी ते दार अकरा पावलं. परत येताना बारा. का ते कळत नाही.

दुपारी ४:३०

पप्पांचे तीन फोन. उचलले नाहीत, रेंज चांगली नव्हती. मग त्यांनी निरोप ठेवला. मागे पत्ते खेळणाऱ्या मित्रांचा आवाज. म्हणाले, स्वेन्या, इथे कार्ल-हाइन्झ विचारतोय, तुझी पोरगी म्हाताऱ्या कागदांची राखणदार होणार म्हणे? मी म्हटलं, होणार म्हणजे काय, पत्र गेलंसुद्धा. बरोबर बोललो ना?

निरोप तीनदा ऐकला. उत्तर काय द्यावं याचे मसुदे करते आहे.

रविवार, २ नोव्हेंबर. घरी जाणारी ट्रेन. सकाळी १०:४०

हेनिंगने अचानक विचारलं, तुला पाठवायचं होतं का ते? म्हटलं, काय प्रश्न आहे! मग त्याला सगळं पुन्हा सांगितलं: क्लिप, कोपरा, सातची रेघ, सुट्टी, बाळ. तो ऐकत राहिला. म्हणाला, हे सगळं खरं आहे, गं. मी विचारलं ते वेगळं होतं. मग डोळे मिटून बसला. झोपला नव्हता. झोपला की त्याचं तोंड उघडतं.

विचित्र प्रश्न विचारतो कधीकधी. मी दोन वर्षं या जागेची वाट पाहिली आहे. पाठवलं असतं आणि नाही म्हणाले असते, तर निदान... हे वाक्य पुढे कसं न्यायचं ते सुचत नाही. एकूणात झालं ते झालं. आता हलकं वाटतं आहे. बोगदे मोजते आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर. डार्मश्टाट. दुपारी ३:१५

पप्पांना खरं सांगायचं ठरवलं. पण त्याआधी सगळी माहिती हाती हवी, म्हणून अभिलेखागारात फोन केला. सरळ विचारलं: शिक्का उशिराचा असेल तर अर्ज धरतात का? पलीकडच्या बाई म्हणाल्या, थांबा हं. कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, अर्ज फार कमी आलेत, म्हणून मुदत वाढवली. तीस नोव्हेंबरपर्यंत. आजच टाका ना, उद्या आम्हाला मिळेल.

मी आभार मानले. फार आनंद झाला. पाकीट नीट राहावं म्हणून खणात ठेवलं.

दुपारी ४:५०

सत्तावीस दिवस. किती मोठी सोय. आता पत्रावरची तारीख बदलता येईल. तारीख बदलली की पहिल्या परिच्छेदातलं ‘गेल्या महिन्यात’ बदलावं लागेल. ते बदललं की ओळ खाली सरकते आणि सही दुसऱ्या पानावर जाते. एकंदर पुन्हा मांडलेलंच बरं.

सायं. ५:२०

हेनिंग कामावरून आला. त्याला सांगितलं. त्याने कोट काढलाच नाही. म्हणाला, आण इकडे, कोपऱ्यावरचं पोस्ट सहापर्यंत उघडं आहे, मी टाकून येतो. जसं आहे तसं. दारात हात पुढे करून उभा आहे.

म्हटलं, एवढी नोंद संपवते आणि देते.

सायं. ५:५५

हेनिंगने कोट काढून ठेवला.