एका दुपारपुरतं ‘तू’

चि. अल्मुट हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं बजावलं होतं, तू चढलीच असशील. इकडे ग्योटिंगेनला माझी तब्येत उत्तम. बाकी सगळं बिघडलं आहे.

आमचं यंत्र (तू ज्याला पाणबुडी म्हणतेस ते) महिनाअखेरीस मोडीत निघणार. त्याच्या निर्वात पेटीत आम्ही दोन वायूंचे झोत एकमेकांवर सोडतो. रेणू भिडतात, क्षणभर एकमेकांना धरून गिरकी घेतात आणि तुटून वेगळेच होऊन बाहेर पडतात. ती मधली जोडी फार अल्पायुषी. पण गिरकी पुरी होईपर्यंत टिकली, तर कोण कुठल्या बाजूनं आलं होतं हेच ती विसरते, मग तुकडे पुढेमागे सारखेच उडतात. त्यावरून तिचा माग लागतो. मला मात्र यंत्र जाण्यापूर्वी ती जोडीच एकदा पकडायची होती. म्हणून निवृत्त डॉ. एलर्सना ब्रेमेनहून बोलावलं. (तुझ्याच गल्लीत राहतात, तू ओळखतेस.) तीस वर्षं एका यंत्रावर काम केलं, पण आमचं ‘अहो डॉक्टर’, ‘अहो बाई’ सुटलं नव्हतं.

शुक्रवारी पडद्यावर हवी तिथेच खूण उमटली. एलर्स चक्क नाचले. मीही (वयाला शोभत नसलं तरी) कॉफीचा कप त्यांच्या कपाला भिडवून म्हणाले, “आता मला हायद्रुन म्हण.” ते कानापर्यंत लाल झाले. “मग मी फोल्कमार,” म्हणाले.

नंतर पडताळणी. झोत बंद केले, तरी खूण जागची हलेना. “हट्टी आहे गं, तुझ्यासारखी,” फोल्कमार म्हणाला. पेटी उघडली. दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या अंगठ्याचा लोणी माखलेला ठसा! सकाळी स्वतः आणलेला आलुबुखाराचा केक खाता खाता त्यानं हातमोजे न घालता दार बसवलं होतं. (असला ठसा निर्वातात कितीतरी दिवस वाफा सोडत राहतो.) आम्ही पकडलं होतं ते लोणी. मी म्हणाले, “डॉक्टर एलर्स, तुम्हाला हात धुवायचं कुणी शिकवलं नाही का?”

डॉक्टर. तुम्हाला. आपल्याकडे एकदा अरे-तुरे झाल्यावर पुन्हा अहो-जाहो करणं म्हणजे तोंडावर दार आपटणं, हे तुला सांगायला नको. ते एवढंच म्हणाले, “बरं, बाई. जशी आपली इच्छा.” टोपी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. केकचा डबाही इथेच राहिला. मुद्दा माझाच बरोबर होता. पण मुद्द्याबरोबर बसून कॉफी पिता येत नाही, हे रविवारी चार वाजता लक्षात आलं.

काळजी घे.

तुझी,
हायद्रुन

ता. क. : सोबत त्यांचा डबा पाठवते आहे. स्वतः नेऊन दे. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. एवढं एकदा जिने चढ.

ता. क. : डबा रिकामा नाही. केक मी केला आहे, मधोमध खचला आहे. फोल्कमारला (हेच नाव घे) सांग, हायद्रुन म्हणाली, तू ये.

ता. क. : दार साफ केल्याशिवाय आता एकही मापन व्हायचं नाही. स्पिरिट आणि फडकं सोमवारपासून काढून ठेवलं आहे. त्याचा अंगठा अजून पुसलेला नाही.