तांदळात लिहिलेलं नाव

अबुधाबी, ४ मार्च १९९८

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधी सांगते, आम्ही तिघंही खुशाल आहोत.

ह्यांना जर्मनीत नोकरी लागली, त्यांचा व्हिसाही आला. अडलंय ते माझं! जन्मदाखल्यावर नलिनी, पासपोर्टवर अनुराधा. जर्मन वकिलातीत व्हिसाच्या खिडकीवरची बाई म्हणते, या दोन वेगळ्या बायका आहेत; नाव बदलल्याचा सरकारी पुरावा आणा. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, त्यावर शिक्का कुठून आणू? मला तेव्हा विचारलं तरी होतं का कुणी? सासूबाईंना नाव आवडलं, खलास!

सिद्धांत म्हणतो, "ममा, जस्ट चेंज इट बॅक." जसं काही बटणच आहे.

इथला व्हिसा महिनाअखेर संपतोय. बहुतेक हे एकटेच पुढे जातील आणि आम्ही दोघं मिरजेला तुझ्याकडे येऊ. तू काळजी करू नकोस. गुडघ्याला तेल लावतेस ना?

एवढं कर. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून पाठव, की नलिनी आणि अनुराधा एकच, आणि ती तुझी मुलगी. बाबा गेल्यापासून मला जुन्या नावाने हाक मारणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझीच, आणि निदान तू तरी पुरावा मागू नकोस,
नलू