रोह्यासाठी गोळी कोणती?

मु. बोथखिंडी, ता. मारेगाव
१९ डिसेंबर

आदरणीय धम्मरत्न भाऊजी,

तुमाले अन् विशाखाताईले अश्वजितचा सविनय जयभीम. आमी इकडे सारे धडधाकट आहो. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? पायऱ्या चढता का अजून जिन्याखालीच खाट टाकून आहा? ताईचा बीपी कसा आहे? (बीपीचं विचारलं हे तिले सांगू नका, वाढते.) फोनच केला असता, पण तुमचा फोन ताई उचलते, स्पीकरवर टाकते, अन् बंदुकीचं नाव काढलं का माह्या नावाचा उद्धार साऱ्या कॉलनीले ऐकू जाते. म्हणून कागद काळा करून राह्यलो.

गोष्ट अशी, का मले गोळी निवडाची आहे. तुमी तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढले (कँटीनमधी काढले हे मले मालूम आहे, पण गोळ्या बनवणारे तुमच्याच हातची भाजी खाऊन गोळ्या बनवत होते), तवा साऱ्या खानदानात या विषयातला जाणकार म्हणजे तुमीच.

बाबाची ठासणीची बंदूक तुमी पाह्यली आहे. बाबा गेल्यावर तिचा पीकसंरक्षणाचा परवाना माह्या नावानं झाला. बाबानं जन्मभर तिच्यातून फक्त आवाज काढला. नळीत दारू ठासाची, वरून चिंधी कोंबाची, धडाम करून द्याचं, डुकरं पळाले का घरी येऊन जेवाचं. माह्या नशिबी मात्र रोही आले, सरकारी कागदात ज्याले नीलगाय म्हणतात ते. एक नाही, दोन नाही, अकरा. घोड्याएवढं जनावर, अन् शेंगा अशा नाजूक खुडते जशी एखादी नवी नवरी. दोन एकर तूर नुसत्या काड्या करून ठेवली. आवाजाले ते भीत नाहीत. मी डबा वाजवला तं त्यातल्या निळ्या नरानं चावता चावता मान वळवून असं पाह्यलं, का जसा मीच त्याच्या वावरात घुसलो.

मंग रीतसर अर्ज केला, पंचनामा झाला, अन् एका रोह्याची परवानगी हातात आली. (हरणाची नाही. चितळाकडे बंदूक घेऊन नुसतं रोखून पाह्यलं तरी आत टाकतात.) आमची घरवाली ममता त्या दिवशी संध्याकाळी वंदनेले बसली, तं पंचशीलातलं पहिलं शील, ते प्राण्याले न मारण्याचं, माह्याकडे तोंड करून तीनदा म्हणली. बाकीचे चार एकेकदाच.

आता गोळी. आमचा धुरेकरी रूपसिंग, बांधापलीकडच्या वावराचा मालक अन् एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, ज्याचा स्टँडवर पानठेला आहे, त्यानं आयुष्यात हॉर्नशिवाय दुसरं हत्यार चालवलं नाही. पण बंदुकीतलं त्याले सारं समजते. तो म्हणे, "अश्वजितभाऊ, रोह्याले छर्रा म्हणजे हत्तीले मच्छर. एकच गोल गोळी पाह्यजे, शिशाची." त्याच ठेल्यावर दुसरा एक म्हणे, छर्राच घ्या, नेम चुकला तरी काही ना काही लागतेच. (हे ऐकून मले आपल्या बैलाची काळजी वाटली.) म्हणून मी यूट्यूब उघडलं. तिथं एक दाढीवाला अमेरिकन बावा सापडला, जो ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्याच दाखवते. काय त्या गोळ्या भाऊजी! एकीले टोक, एकीले खालून प्लास्टिकचा लेहंगा, एकीच्या पोटात खड्डा. पंधरा दिवस मी कानात वायर घालून, त्याच्यामागं शब्द घोकत ऐकलं. मले समजला तो एकच शब्द, डियर, म्हणजे हरीण. सोळाव्या दिवशी ममतानं वायर उपटली.

"कोण आहे हे डियर?"

"हरीण आहे."

"हो का? पंधरा दिवसांपासून गालातल्या गालात डियर, डियर करून राह्यले, अन् म्हणे हरीण! मी काय शाळा शिकली नाही का?"

त्या बावाची दाढी दाखवली तवा कुठं जेवाले वाढलं.

लेहंगेवाली गोळी आपल्या तालुक्यात भेटत नाही. मंग रूपसिंगचंच ऐकलं. गावातल्या डोमाजीबुवानं त्याच्या मासे धरायच्या जुन्या जाळ्याच्या शिशाच्या गुंड्या दिल्या, रूपसिंगनं मातीचा साचा केला, अन् मी घरातली वरणाची पळी घेतली. (इथून पुढचं ताईले वाचून दाखवू नका.) शिसं वितळलं. पळीही वाकली. सात गोळ्या निघाल्या अन् सातही वेगवेगळ्या बापाच्या. एक बोरासारखी, एक हरभऱ्यासारखी, एकीले तं शेपूट होतं. मोठी नळीत जाईना. मधली गेली ते अर्ध्यात अटकली, तिले काढाले पूर्ण रविवार गेला. लहानी मात्र सुर्रकन खाली उतरली. मी म्हणलं, हेच आपली. ममतानं पळी पाह्यली अन् म्हणली, "या पळीनं आता तुमालेच वाढीन, जन्मभर."

शुक्रवारी सूर्य बुडाच्या आधी मी वावरातल्या माळ्यावर चढलो. बंदूक भरली. घडीभरात रोही आले. निळा नर पुढं, वीस पावलांवर. माह्या छातीत थ्रेशर चालू झालं. नळी खाली केली, नेम धरला, अन् नळीतून गोळी घरंगळली! टप्पकन धुऱ्याच्या दगडावर पडली. त्या आवाजानं नरानं मान वर केली. मी घाबरून घोडा दाबला. धडाम! धूर असा, का मले माह्याच मिशा दिसेनात. त्या धक्क्यानं मी माळ्यावरून मागच्या मागं कडब्यात. धूर निवळला तवा रोही काही गेले नव्हते. नर त्या दगडापाशी येऊन गोळी हुंगून राह्यला होता. हुंगली, नाक फेंदारलं, अन् साऱ्या कबिल्याले घेऊन शांतपणे रूपसिंगच्या चण्यात गेला.

तवापासून गावात तोंड दाखवाची सोय नाही. ठेल्यावर गेलो का रूपसिंग म्हणते, "भाऊ, सुपारी घ्या, पण जरा वाकून घ्या, काही घरंगळन." त्याचा चणा गेला म्हणून तो जास्तच पेटला आहे. त्यानं नवा लोखंडी साचा आणला, बरोबर मापाचा. पुढच्या रविवारी तो स्वतः माह्यासंगं माळ्यावर बसणार आहे. म्हणून तुमचं मत लवकर कळवा, का गोल गोळी, टोकाची गोळी, का छर्रा.

ताईले जयभीम, लेकरांले आशीर्वाद, गुडघ्याले तेल.

तुमचा साळा,
अश्वजित

ता.क. कमरेले मुका मार आहे, हाड शाबूत आहे.

ता.क. दुसरा : तुमच्यापाशी खोटं काहून बोलू? गोळी आपोआप पडली नाही. नेम धरला तवा त्या नराच्या मागून एक पिल्लू आलं, लटपटत्या पायाचं, अन् त्याच्या पोटाखाली घुसून उभं राह्यलं. माह्यानं होईना, भाऊजी. मीच नळी खाली करून माळ्याच्या बल्लीवर दोनदा ठोकली, गोळी पाडली, अन् मंग आभाळात बार काढला. ममताले हे सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते पहिलं शीलही एकदाच म्हणते, म्हणजे तिले कसं तरी कळलंच.

ता.क. तिसरा, अन् हेच खरं काम : रूपसिंगले नाही म्हणाची माह्यात हिंमत नाही. तुमी एवढंच लिहा, का "मी तीस वर्षं कारखान्यात काढले, ह्या बंदुकीची नळी आतून खराब आहे, तिच्यात जगातली कोणतीच गोळी चालत नाही, ताबडतोब ठाण्यात जमा करावी." खाली इंग्रजीत सही करा. अन् पाकिटात घालू नका, पोस्टकार्डच टाका. आमचा पोस्टमन टपाल रूपसिंगच्या ठेल्यावर ठेवून जाते, अन् माह्यापर्यंत येईस्तोवर ते साऱ्या गावानं वाचलेलं असते.