वळणावरची कटकट

९ ऑगस्ट
मनू परत तेच म्हणाली. "आई, बाबांची गाडी देऊन टाकू. नवी घेऊ, कंप्युटरवाली. ही कटकट तरी जाईल."
रोज घाट उतरून माजलगावला नोकरीला ती जाते. गाडी तीच चालवते. तरी लेक म्हणते, "गाडी बाबांची. तू सांगशील तसं." चालवणार ती आणि ठरवणार मी, जिने आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नाही.
संध्याकाळी गल्लीच्या वळणावर गाडीचं कट-कट-कट झालं. चहा टाकला. ह्यांच्या वेळेपासूनची सवय. कटकट ऐकू आली की आधण ठेवायचं, गाडी लागून माणूस पायरीवर येईपर्यंत उकळी.

१२ ऑगस्ट
ह्यांची गाड्यांची मासिकं काढून बसले. इंग्रजी, शेजारी डिक्शनरी. कळलं तेवढं लिहून ठेवते, उद्या विसरेन.
दोन मागच्या चाकांच्या मधे एक गोळा असतो, इंजिनचा जोर दोघांना वाटणारा. साध्या गाडीत एक चाक चिखलात गरगरायला लागलं की सगळा जोर त्यालाच. कोरड्यावरचं चाक बिचारं उभं. (घरातही असंच असतं. जो गोंधळ घालतो त्याच्याकडेच सगळे.) ह्यांनी पुण्याच्या मित्राकडून आणून बसवला तो गोळा वेगळा. आत चकत्या, त्या दोन्ही चाकांना एकमेकांत धरून ठेवतात. म्हणून पाय रोवलेल्यालाही जोर मिळतो. नाव लिमिटेड स्लिप. इथून पुढे लि.स्लि.
नव्या गाडीत चकत्या नाहीत. चाक घसरतंय हे कंप्युटरला कळतं. तो त्या चाकाला ब्रेक लावतो, इंजिनचा जोरही काढून घेतो. ट्रॅक्शन कंट्रोल. ट्रॅ.कं.
म्हणजे एक जोर वाटून देतो, दुसरा हात आखडतो. दोघंही म्हणतात, आम्ही सांभाळतो. मासिकात एका पानावर एकाची बाजू, पुढच्या पानावर दुसऱ्याची. लिहिणारा एकच!

२४ ऑगस्ट
पोळा झाला म्हणून अण्णा आला चकलांब्याहून, पुरणपोळ्या घेऊन. भावाला सगळं समजावलं. तो मिशीत हसला.
"ह्यात काय आवघड हाय बाई? एक बैल दमला तर आमी जुवावरची दोरी सरकवतो, ताकदीचा जास्ती वढतो. ते दाजीचं यंत्र. आन् नवं म्हंजी कासरा धरणारा. बैल उधळला की खेचला."
"मग बरं कोणतं?"
"कावून एकच पायजे? आमी दोरी बी सरकवतो आन् कासरा बी धरतो."
मनू म्हणाली, "मामा, तसल्या गाड्या असतात. आपल्याला परवडत न्हाईत." अण्णा म्हणाला, "मंग बैलच बरे." दोघं हसले. माझा प्रश्न होता तिथेच राहिला.

३० ऑगस्ट
मनूने नवी गाडी फिरवून बघायला आणली. मला शेजारी बसवलं. पांढरी, बुटकी, पळणारी. सीट मांडीला घट्ट धरते.
घाटात एका वळणावर डोंगराची माती वाहून आली होती. समोर पिवळा दिवा लागला. गाडीचं चित्र आणि मागे दोन साप वळवळतायत. "मनू, साप!" मी ओरडलेच. ती म्हणाली, "साप न्हाईत आई, चाकाच्या खुणा. ट्रॅक्शन कंट्रोल काम करतंय." गाडी जराही घसरली नाही. मनात म्हटलं, हीच घ्यावी.
मग किल्ल्यामागच्या मुरमाच्या चढावर नेली. अर्ध्यात दम गेला. मनू पाय दाबतेय, गाडी नुसती कण्हतेय, साप लुकलुकतायत. तिने एक बटण दाबून कंप्युटर बंद केला. खडे उडाले आणि वर चढली.
"बंद केल्यावर चढली. मग तो कशाला?"
"आई, तो घसरू नये म्हणून असतो. चढावं म्हणून नसतो."
मग चढावं म्हणून कोण असतो?

३१ ऑगस्ट
आज त्याच वाटेने आपली लाल, ह्यांची गाडी. मुरमाचा चढ गप चढली. पण घाटातल्या त्या मातीवर मागचं अंग एका बाजूला झोकलं. मनूने सावरलं. आणि हसली. मान मागे टाकून, थेट ह्यांच्यासारखं.
मी दाराची मूठ धरून बसले होते. अजून बोटं दुखतायत.
ह्यांना गाडीने नेलं नाही. एवढी वर्षं घाटात गाडी नाचवली आणि आपल्याच दुकानात खुर्चीत बसल्या जागी गेले, भर दुपारी. हातात ग्राहकाला द्यायचा फ्यूज होता. त्यामुळे भ्यायचं कशाला हेच मला कळेनासं झालंय. पण हसणाऱ्या लेकीला उद्याही ह्याच गाडीत घाटात पाठवायचं...

४ सप्टेंबर
रफिकभाई आले. ह्यांचे दोस्त, ह्यांना वस्ताद म्हणणारे, बसस्टँडमागे गॅरेज. त्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा.
"भाभी, लोखंड ते लोखंड. सेन्सरला चिखल लागला की तो आंधळा."
"मग ही ठेवू?"
"ठेवा... पण पोरगी पावसात घाट उतरते. तिथं कंप्युटर बरा. माणूस चुकतो, तो न्हाई चुकत."
"आत्ता तर आंधळा म्हणालात!"
"लई सवाल करता बुवा तुमी. खरं सांगू? हा गोळा मी कधी खोललाच न्हाई. वस्ताद हात लावू द्यायचा न्हाई. दोन दिवस द्या. विकायची असली तरी आधी कटकट बघतो."
दिली. मनूही म्हणाली, बघू दे.

७ सप्टेंबर
मनू पायरीवर उभी. "आई, चहा?"
मला कळलंच नाही आली ते. चूल थंड. गाडी दारात उभी, आवाज नाही.
पाठोपाठ रफिकभाई, खुशीत. "भाभी, मशीन अव्वल! वस्तादाने नव्वद नंबर भरलं होतं. ट्रॅक्टरचं साधं गिअर ऑइल. ह्या चकत्यांना वेगळं लागतं. पुण्याहून मागवलं, भरलं, चकत्यांत मुरावं म्हणून बाजारतळावर आठाचा आकडा काढत फिरवली. गप झाली."
"म्हणजे ती कटकट..."
"चकत्या अडकून सुटायच्या. चुकीचं ऑइल. वस्तादाला पन माहीत नसावं. धारूरात नव्वदच मिळतं."
म्हणजे इतकी वर्षं मी ज्या आवाजावर चहा टाकला ती ह्यांची चूक होती.
मनू खूश. "आता कशाला विकायची? मागचंही कमी झोकतं असं वाटतंय." खरंच कमी झोकतं, की तिला वाटतं? रफिकभाई म्हणाले फरक पडेल, मग म्हणाले पडणार नाही.

८ सप्टेंबर
आजही कळलं नाही. ओट्यावर भाजी निवडत बसले, म्हणजे दिसेल तरी. गाडी गल्लीत वळली, नव्यासारखी, परक्यासारखी.

११ सप्टेंबर
नव्या गाडीवाल्यांचा मनूला फोन. घेणार की नाही, रविवारपर्यंत सांगा. मनू माझ्या तोंडाकडे बघते. आवाजासाठी लाल ठेवायची होती, हे तिला सांगितलेलं नाही. आता आवाज नाही, तर ठेवायची कशासाठी? आणि आता धड झाली, तर द्यायची कशासाठी?
कोथिंबीर आणायला गेले ती वाट वाकडी करून गॅरेजवर. विचारलं, परत नव्वद नंबर टाकलं तर?
रफिकभाईंनी हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.
"टाकता येतं भाभी. आवाज येईल. पन चकत्या झिजतील."
"झिजल्या की?"
"की साधी गाडी. एक चाक फिरंल, एक उभं राहील."
मनू त्याच घाटाने येते. पाऊस अजून संपलेला नाही.
कोथिंबीर घेऊन आले. आता सहा वाजत आलेत. आधण ठेवलंय, अंदाजाने.