निळ्या शाईतलं शून्य

सोमवार, ६

नोकरीचा पहिला दिवस छान गेला. रुग्णालयाचा रेकॉर्ड विभाग तळघरात आहे, पण खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यावरची पावलं दिसतात. टेबल स्वच्छ, खुर्ची नवी, की-बोर्डवरची अक्षरं शाबूत. मला एवढं पुरतं.

काम पक्षाघाताच्या तक्त्यांचं. डॉक्टर रुग्णाच्या कसोट्या घेऊन प्रत्येक रकान्यात अंक लिहितात. शून्य म्हणजे दोष नाही. अंक चढेल तसा दोष गंभीर. आम्ही ते संगणकात भरून कोड लावायचे. पाच वाजता दिवसाचे तक्ते बंद होतात, मग ते कुणालाच उघडता येत नाहीत. विभागप्रमुखांना सगळे हेडमास्तर म्हणतात. त्यांनी एकच नियम सांगितला: कागदावर आहे तेच खरं. रकाना रिकामा असेल तर तक्ता डॉक्टरांकडे परत, आपण भरायचा नाही. डोकं घरी ठेवून या, बोटं तेवढी आणा, म्हणाले. माझ्या आधीची मुलगी कुठे गेली असं विचारलं, तर ती तिसऱ्या मजल्यावर असते म्हणाले. बढती मिळाली असावी.

ही नोकरी मी बाबांसाठी घेतली. त्यांचे उपचार इथेच चालू आहेत. जन्मभर लिलाव पुकारणारा माणूस झटक्यानंतर एका शब्दावर आला आहे: बरं. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. आत्या फोनवर म्हणाली, कधी कुणाला तोंड उघडू दिलं नाही, आता बसलाय नंदीबैलासारखा. मग स्वतःच रडायला लागली.

गुरुवार, ९

आज बाबांची तपासणी होती. दुपारी त्यांचा तक्ता माझ्याच ट्रेमध्ये आला. भाषा दोन, उजवा पाय दोन, चेहरा एक, उच्चार एक. ‘सांगितलेलं समजतं का’ याला शून्य, म्हणजे सगळं समजतं. उजव्या हाताचा रकाना रिकामा.

तिथे तीन हवा. रोज सकाळी तो हात बाहीत मीच घालते. डॉक्टरांना मध्येच कुठेतरी बोलावणं आलं असणार. फोन केला तर ते निघून गेले होते. पाचला चार मिनिटं कमी होती. मी शून्य भरलं.

का भरलं, ते नीट सांगता येत नाही. निदान कागदावर तरी त्यांचा हात धड असावा, असं वाटलं.

शुक्रवार, १०

सकाळी बाबांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. उजव्या हाताने. सहाच्या सहा. आत्याला कळवलं, तर तिने आनंदाने आरडाओरडा केला. मी शून्याबद्दल तिला काही सांगितलं नाही.

ऑफिसात ट्रेमध्ये एक तक्ता पडला होता. नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. स्त्री, वय सत्तावीस. उजवा हात तीन. बाकी सगळे रकाने रिकामे. नियमाप्रमाणे परत पाठवला.

मीही सत्तावीसचीच. योगायोग.

सोमवार, १३

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा कालपासून खांद्याला नुसता लोंबतो. स्कॅनमध्ये काही नाही. डॉक्टरांनी हात उचलून धरला आणि सोडला. तो धपकन खाली पडला. त्यांनी रकान्यात तीन लिहिला. तो तीन मी शुक्रवारीच वाचला होता.

तो तक्ता पुन्हा ट्रेमध्ये आला आहे. आता त्यावर नाव आहे.

बाबांचा तक्ता उघडून द्या म्हणून हेडमास्तरांना विनवलं. बंद म्हणजे बंद, म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर काय आहे, तेही विचारलं. पक्षाघाताचा वॉर्ड, म्हणाले. आधीची मुलगी फार मायाळू होती. रिकाम्या जागी शून्य भरायची.

रविवार, १९

बाबांना सगळं सांगितलं. तुमचा हात माझ्याकडून आला आहे, असं स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांकडून पुन्हा एखादा रकाना राहिला तर मी तो भरणार नाही. भाषेचा तर मुळीच नाही. माफ करा, मला बोलता यायला हवं.

त्यांनी माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या. मूठ मिटली, उघडली.

बरं, म्हणाले.

गुरुवार, २३

बाबांची तपासणी. या वेळी तक्ता त्यांच्या मांडीवर ठेवूनच शिपायाने चाकाची खुर्ची खाली आणली. सगळे अंक डॉक्टरांच्या काळ्या शाईत. भाषेच्या रकान्यात शून्य. निळं. वर शेंडी ठेवलेलं. लिलावाच्या पावत्यांवर बाबा असंच शून्य काढत. निळं पेन त्यांच्या खिशात होतं.

‘सांगितलेलं समजतं का’: शून्य. सगळं समजतं. पहिल्या गुरुवारीही डॉक्टरांनी हेच लिहिलं होतं, संगणकात मीच चढवलं होतं ते.

हेडमास्तरांना म्हटलं, हा अंक खोटा आहे. ते म्हणाले, कागदावर आहे तेच खरं. माझा डावा हात हळू चालतो, म्हणून माझ्याच लॉगिनवर स्वतः भरायला बसले; नोंद माझ्याच नावावर पडणार. मी खुर्चीत बसूनच स्क्रीनच्या आड आले, तर मला खुर्चीसकट बाजूला सारलं. पाचला एक मिनिट—

शुक्रवार, २४

बाबा बोलतात. सकाळपासून. फोनवर, आत्याशी. थोडं बोबडं — उच्चारांचा एक राहिला आहे ना — पण थांबत नाहीत. पोर दमली आहे म्हणाले. आता मी बघतो तिच्याकडे म्हणाले.

मला ते — पाणी पितात ते — काचेचं — समोर आहे. नाव येत नाही.

शनिवार, २५

बाबा विचारतात. पाय — दोन — पुढचा गुरुवार. डॉक्टर विसरले तर — आपण दोघं मिळून —

नको म्हणायचं. म्हणायचं मला. तोंडात ते —

म्हटलं बरं

बाबा हसले

बरं नाही बरं

ब—