ठिपक्यांचा मासा आणि आमची तोड

९ मार्च ९६, कडेगाव
दिन्या-सुनंदा रजेवर आलेत. कान किटले. म्हणे मार्च-एप्रिलात त्यांच्याकडं गुजरातेत, ओख्याच्या समुद्रात ठिपक्यांचा मासा येतो, आपल्या एस.टी.एवढा, नि माणसाला काही करत नाही. दिन्या नेव्हीत पाणबुड्या, माझा भाऊ, त्यानं सांगावं. पण ही भावजय! होडीतनं दोनदा बघितला म्हणून मिरवते. "वन्सं, तुमी बघाया पायजे हुता." घोट्याएवढ्या पाण्यात किंचाळणारी बाई!
लहानपणी दिन्याच्या पाठीला डबा बांधून त्याला पोहायला विहिरीत ढकललं मी. तळाची माती वर आणायची मी. आणि मासा बघणार ही.

१२ मार्च
गेले दोघं. दिन्या म्हणाला, "आक्का, एप्रिल सरायच्या आत ये. मग मासा जातोय." जाणारच. हे म्हणतात, "ऊस जाऊ दे, मग जा."

२ एप्रिल
कारखान्याची ऊसतोडीची टोळी शेजारच्या फडात. आमची तोड कधी, कुणी सांगेना.

११ एप्रिल
बूथवरनं ओख्याला फोन. सुनंदाच बोलली. दिन्यानं तिला कंबरेला दोर बांधून पाण्यात सोडलं, मासा तिच्या खालनं गेला. "भ्या वाटलं न्हाई, वन्सं!" मी म्हटलं, बरं झालं. कसलं बरं! अंगाची आग आग झाली. दोर बांधून उतरायला काय लागतं?
ह्यांना म्हटलं, ऊस पेटवू. जळक्या उसाला तोड लगेच मिळते, किती जण करतात.
"माशापायी ऊस जाळतीस व्हय? वजन घटंल, ठावं हाय न्हवं?"
जेवले नाहीत.

१५ एप्रिल
पेटवला. मीच. भर दुपारी, वारं पडलेलं बघून. हे धावत आले. माझ्याकडं बघितलं, नि जमलेल्यांना म्हणाले, "लाइटीच्या तारंची ठिणगी पडली असंल."

१८ एप्रिल
टोळी आली, काळा ऊस तोडून नेला. रात्री हे म्हणाले, "जा. पर मासा बघितल्याबिगर घरात येऊ नगंस." चेष्टा का राग, कळेना. विचारायचा धीर नाही.

१९ एप्रिल, मिरज स्टेशन
गाडीला वेळ आहे. दिन्याला फोन केला. चार दिवस कुणालाच मासा दिसलेला नाही. "आक्का, पाणी गढूळ झालंय. येतीस तर ये, पर भरवसा न्हाई." मागनं सुनंदा ओरडली, "वन्सं, पुढल्या साली या, मी दावते की!"
तू दावणार? मला?
तिकीट काढलं.
नाहीच दिसला, तर ह्यांच्यापुढं दिसला म्हणावंच लागेल. कसा होता म्हणून विचारतील. मग सांगायचं ते सगळं सुनंदानंच सांगितलेलं. तेवढं नको, देवा.