थेंब कोण टाकणार?

कृपा, उठलीस की आधी हे वाच.

डोळ्यांसमोर आण, सोनईत एक म्हातारे गुरुजी राहतात. नोकरीत असताना ते शाळा बुडवणाऱ्या पोरांच्या घरी जायचे आणि त्यांना सायकलवर डबलसीट बसवून वर्गात आणायचे. आईबापांना वर दटावायचे, "तुमच्या कामासाठी पोरीला घरी ठेवता व्हय?"

मग गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा आणि सून पहाटेच नगरला कामाला जातात, म्हणून दर दोन तासांनी डोळ्यात थेंब टाकायला पाचवीतली नात घरी राहिली. मधल्या वेळात गुरुजी तिला अपूर्णांक शिकवायचे. पुन्हा वर्गावर गेल्यासारखं त्यांना वाटायचं.

सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, "आता सकाळ-संध्याकाळ टाका, बास." गुरुजींनी ते घरात कुणालाच सांगितलं नाही.

आज शुक्रवार. त्या फोननंतरचे शाळेचे तीन दिवस कुणामुळे बुडाले, ते सांगायला गुरुजी काळा चष्मा लावून तुझ्या बाईंकडे गेलेत. सकाळचे थेंब त्यांनी स्वतःच टाकले, निम्मे गालावर गेले. डबा ओट्यावर भरून ठेवलाय. तो घे आणि शाळेत ये.

त्यांना राहून राहून कालची सकाळ आठवते. नात दप्तर पाठीला लावून उभी होती.

"आबा, आज आमच्या गटाचं नाटक हाय. जाऊ का?"

"मग थेंब कोण टाकणार?" गुरुजी म्हणाले.

तिने दप्तर खुंटीला अडकवलं, साबणाने हात धुतले आणि बाटली घेऊन त्यांच्या उशाशी येऊन उभी राहिली.